कटिंग सतरा, दाढ्या नऊ

सगळं अंबड त्यांना फादर म्हणायचं आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "फादर न्हाई, पाळक. फादर लोक लग्न करत न्हाईत. माझं झाल्तं." समोर रिक्षावाला असो, पोस्टमन असो की तहसीलचा शिपाई, हे वाक्य ते तितक्याच शांतपणे म्हणायचे. समोरचा मान डोलवायचा, "बराबर हाय" म्हणायचा आणि निघताना म्हणायचा, "येतो मंग, फादर."

त्या 'झाल्तं'मधला भूतकाळ मला सुरुवातीला कळला नव्हता. त्यांची बायको जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आले. कोर्टात कनिष्ठ लिपिकाची नोकरी लागली आणि नेमणूक अंबडला झाली. माझं गाव पिंपळगाव रेणुकाई, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. वडील नव्हते, आई भावाजवळ राहायची. आठ दिवस मी खोली शोधत फिरले. लोक आधी विचारायचे एकटीच राहणार का, मग विचारायचे आडनाव काय. आडनाव सांगितलं की त्या खोलीत नेमके त्यांचे पाहुणे येणार असायचे. शेवटी कोर्टातले एक बेलिफ म्हणाले, "चर्चच्या मागं एक खोली रिकामी हाय. फादरला विचारून बघा."

मी गेले तेव्हा ते चर्चच्या पायरीवर एका म्हाताऱ्या हमालाचे केस कापत होते. अंगात पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. मी खोलीचं विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण चेहऱ्याकडे नाही. नजर कपाळाच्या चार बोटं वर.

"डोक्याला तेल लावत न्हाई का, बाई?"

मी म्हटलं, "वेळ मिळत नाही."

"नळ एक दिवसाआड येतो. हापशाचं पाणी मचूळ हाय, प्यायचं न्हाई. सामान कधी आणता?"

झालं. नाव त्यांनी महिन्याभरानं विचारलं, तेही पोस्टमननं माझं पत्र त्यांच्या हातात दिलं म्हणून. आडनाव वाचून म्हणाले, "बुद्धाचे का?" मी हो म्हटलं. "मंग तसबीर कुठंय?" मी म्हटलं, पेटीत आहे, भिंत चर्चची आहे म्हणून लावली नाही. ते आत गेले, हातोडी आणि खिळा घेऊन आले आणि माझ्या खोलीच्या भिंतीत स्वतः खिळा ठोकला. ठोकता ठोकता म्हणाले, "तुमच्या आज्जानं तो रस्ता धरला, माझ्या आज्जानं हा. निघाले दोघं गावाच्या एकाच बाजूनं."

प्रवचन त्यांना येत नसे, हे सांगायलाच हवं. चर्च काळ्या दगडाचं, लांबट, पन्नाससाठ माणसं आरामात बसतील एवढं. पण रविवारी सहा-सात जणं असायची. एक निवृत्त नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टरबाई म्हणत. एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको. पाणीपुरवठ्यातलं एक कुटुंब. बाकीची घरं जालन्याला, संभाजीनगरला, पुण्याला निघून गेली होती. मी सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून काय करणार, म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसायची. ते पुढं उभं राहून पुस्तकी मराठीत बोलायला लागायचे, "प्रियजनहो, आजच्या वचनातून आपण काय शिकतो," आणि तिथंच अडकायचे. आपण काय शिकतो हे त्यांनाच आठवायचं नाही. खिशातला कागद काढायचे, उलटा धरायचे, सुलटा करायचे. सिस्टरबाई खालून हळूच वचनाचा आकडा सांगायच्या. दहा मिनिटांत प्रवचन संपायचं.

एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला पुढं उभं राहिलं की भीती वाटते का? ते म्हणाले, "समोरून माणसं मला ओळखूच येत न्हाईत, बाई. मी मागून ओळखतो."

हे खरं होतं. बसस्टँडवर पन्नास माणसांच्या पाठी दिसत असल्या तरी ते सांगायचे, तो दोन भोवऱ्यांचा, वडीगोद्रीचा. तो डाव्या कानामागं व्रण असलेला, त्याची आई मोतीबिंदूची. प्रार्थनेला सगळे माना खाली घालायचे तेव्हा त्यांचा आवाज एकदम मोकळा व्हायचा. मी डोळे किलकिले करून पाहिलं होतं, ते डोळे उघडे ठेवून एकेका टाळूकडे बघत बोलत असायचे. आमेन झालं की गुरुजींना म्हणायचे, "शनिवारी या. मानेवर आलेत."

दर शनिवारी चर्चच्या ओट्यावर ते फुकट केस कापायचे. हमाल, भंगारवाले, बसस्टँडवर झोपणारे, सरकारी दवाखान्यातून सुटलेले. ज्याला दुकानात जायला परवडतं त्याला मात्र ते हाकलून द्यायचे. "सलूनवाल्यालाबी पोट हाय." स्वतःचे केस ते कधी स्वतः कापत नसत, बाजारातल्या सलूनमध्ये जाऊन रांगेत बसायचे. तो सलूनवालाच त्यांच्या कातऱ्यांना धार लावून द्यायचा.

कापायला ते कुठं शिकले? हे मी एकदा भाकरी करता करता विचारलं. (स्वयंपाक आमचा वेगळा, पण भाकरी ते माझ्यापेक्षा चांगली करायचे आणि माझी बघून न राहवून तवा हातात घ्यायचे.) ते म्हणाले, "शिकलो कुठं? आमच्या गावचा न्हावी आमच्या वस्तीला हात लावत नव्हता. म्हशी भादरायचा, आमची डोकी न्हाई. मंग आज्जानंच कातर धरली. मेंढ्याची कातर. सगळ्या वस्तीचं आज्जानं केलं, मंग बापानं, मंग मी. पाळक झालो तेव्हा वाटलं सुटलो ह्यातून." तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. "न्हाई सुटलो."

मंडळीला हे आवडत नसे. गुरुजी चर्चचे वडील होते, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. रविवारी सकाळी पायरीवर एखादा केसाचा पुंजका दिसला की ते पायानं बाजूला सारायचे. शहरातून कमिटीची माणसं वर्षातून एकदा यायची. दर महिन्याचा एक छापील फॉर्म असायचा आणि त्यात एक रकाना होता : या महिन्यात किती जणांना सुवार्ता सांगितली. पाळकसाहेबांनी तिथं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'कटिंग सतरा, दाढ्या नऊ.'

कमिटीचे साहेब पायरीवर उभे राहून तो कागद बघत होते. मी कपडे वाळत घालत होते, सगळं ऐकू येत होतं.

"हे काय आहे?"

"झालेलं काम लिहिलं, साहेब."

"यात सुवार्ता कुठं आहे?"

पाळकसाहेबांनी कागद परत हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, "सांगाया लागलो की माणसं उठून जातात, साहेब. कापाया बसलो की बसून राहतात." ते खरंच उत्तर देत होते, चेष्टा करत नव्हते. साहेबांना ते कळलं नाही.

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की रविवारची उपासना आटोपून ते अंकुशनगरच्या बाजूला जायचे. कारखान्याच्या आसपासच्या रानांत टोळ्या उतरलेल्या असायच्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या घालून. पहाटेपासून तोडणी, दुपारी गाड्या भरून गेल्या की माणसं कोपीपुढं अंग टाकायची. केस कापायला बाजारात जायचं तर अर्धा दिवस मोडतो. पाच-सहा महिने डोकी तशीच वाढायची.

पहिल्या हिवाळ्यात ते मला म्हणाले, "रविवारी दुपारी काय करता?"

"काही नाही."

"चलता का मंग? धरू लागायला कोनी न्हाई."

वडीगोद्रीच्या बसनं आम्ही गेलो. त्यांच्या पिशवीत मशीन, कातऱ्या, वस्तरा, ब्लेडची पाकिटं, तुरटी, एक पांढरं कापड. टोळीचा मुकादम खाटेवर बसला होता. त्यानं हसत, पण डोळे न हसवता विचारलं, "फादर, औंदा धर्म बदलायला आलाव का काय? लोक मला विचारून राह्यले."

"फादर न्हाई, पाळक," पाळकसाहेब म्हणाले. "तुम्ही बसा आधी. सगळ्यात जास्त तुमचेच वाढलेत."

मुकादम बसला. ते त्याच्यामागं उभे राहिले आणि नंतरच्या तीन तासांत मी त्यांच्या तोंडून देवाचं नाव एकदाही ऐकलं नाही. ओठ मात्र हलत असायचे. बसमध्ये मी विचारलं तर म्हणाले, "एका डोक्याला एक प्रार्थना. मनात. मोठ्यानं केली तर तो मान वळवंल आणि कानात केस जायचे."

त्या दिवशी बायका लांब उभ्या राहून बघत होत्या. एक वयस्क बाई पुढं आली. "पास्टरीणबाई न्हाई आल्या?"

तेव्हा मला कळलं की बायकांची, पोरींची डोकी त्यांची बायको बघायची. मागचा हंगाम ते आलेच नव्हते.

"न्हाई आता ती," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तळातून एक तेलाची बाटली आणि लाकडी फणी काढली. दोन्ही वस्तू हातात धरून ते उभे राहिले. मला देत नव्हते, परत ठेवतही नव्हते. त्या बाईच्या केसांना ते हात लावू शकत नव्हते आणि तिला जा म्हणूही शकत नव्हते.

मी फणी घेतली. पाचटावर बसले. ती बाई माझ्यापुढं पाठ करून बसली आणि तिनं अंबाडा सोडला. घामानं, उसाच्या कुसानं केसांचा नमदा झाला होता, उवा-लिखा होत्याच. माझे हात आधी थबकले, हे कबूल करते. मग कामाला लागले. थोड्या वेळानं तिनं डोकं मागं माझ्या गुडघ्याला टेकवलं. अंबडला येऊन मला तीन महिने झाले होते. तीन महिन्यांत मी कोणाला हात लावला नव्हता, कोणी मला लावला नव्हता. कोर्टात कागद द्यायचे-घ्यायचे, खोलीवर येऊन कुलूप उघडायचं. त्या बाईचं जड, ऊन डोकं गुडघ्यावर होतं आणि मला रडू येईल असं वाटायला लागलं, म्हणून मी जोरजोरात विंचरायला लागले. ती म्हणाली, "हळू, ताई."

नंतरचे तीन हंगाम आम्ही असे गेलो.

त्यांच्या गावी मात्र मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले. गोदावरीच्या बाजूला आहे ते गाव. एका शनिवारी ओट्याजवळ गाडी थांबली आणि पन्नाशीचा एक माणूस उतरला. चांगल्या घरचा दिसत होता. म्हणाला, वडलांना अर्धांगवायू झालाय, सहा महिने अंथरुणावर आहेत. दाढी छातीपर्यंत आली, आत खरजा झाल्यात. न्हावी आला की चांगला हात उगारून मारतात. एकाला ब्लेड लागलं, आता कोणी येत नाही. "कोनीतरी म्हन्लं तुमचा हात हलका हाय. येता का?"

"गाव कोनतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

त्यानं सांगितलं. पाळकसाहेबांनी हातातली कातर पुसली. परत पुसली. "येतो," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "बाई, चलता का?" त्यांनी मला असं विचारल्यावर मी नाही कधी म्हटलं नाही, पण त्या दिवशी त्यांचा आवाज वेगळा होता.

गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी हळू करायला सांगितली आणि काचेतून एका बाजूला बोट दाखवलं. तिथं बाभळी होत्या आणि एक पडकी भिंत. "इथं होतो आम्ही," ते मला म्हणाले. गाडी चालवणाऱ्यानं आरशात बघितलं.

घर मोठं होतं, नवीन फरशी बसवलेलं. अंगणाच्या फाटकातच पाळकसाहेबांनी चपला काढल्या. घर तिथून वीस पावलं तरी असेल. चार पावलं अनवाणी गेले आणि थांबले. मी मागं होते. ते परत फिरले, चपला पायात घातल्या, चालत जाऊन घराच्या पायरीशी सगळ्यांच्या चपला होत्या तिथं काढल्या. कोणी काही म्हटलं नव्हतं. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

म्हातारा खाटेवर होता. हाडापेरानं मोठा, एक बाजू पडलेली. पाळकसाहेबांनी त्याच्या अंगाला हात लावायच्या आधी साबणाचा फेस त्याच्या तळहातावर ठेवला आणि वाट बघितली. म्हाताऱ्यानं बोटांनी तो चोळला. मग त्यानं गालाला ब्रश लावू दिला. मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. आधी कातरीनं जंगल कमी केलं, मग वस्तऱ्यानं एक गाल. आतली कातडी लाल, सोललेली होती. पाळकसाहेबांचा हात खरोखर हलका होता.

अर्धा चेहरा झाल्यावर म्हाताऱ्यानं तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून विचारलं, "कोनाचा?"

खेड्यात नाव विचारत नाहीत, कोणाचा ते विचारतात. पाळकसाहेबांनी बापाचं नाव सांगितलं. मग आज्जाचं. मग म्हणाले, "बाभळीकडच्या वस्तीतला."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्याचा मुलगा दारात उभा होता. "बाबा," तो म्हणाला. पाळकसाहेब वस्तरा हातात धरून बसले होते. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "चला, जाऊ आपण."

"अर्धी राह्यली," ते म्हणाले.

आणि ते बसून राहिले. पाच मिनिटं, दहा, पंधरा. घरातली सून चहा घेऊन आली, बघून परत गेली. उरलेल्या गालावरचा फेस वाळत चालला, पांढरा पडला, तडकला. म्हाताऱ्याला खाज सुटली असावी. त्याचा चांगला हात दोनदा वर आला आणि खाली पडला. शेवटी त्यानं मान परत फिरवली. डोळे मिटलेले ठेवले. पाळकसाहेबांनी ब्रश पाण्यात बुडवला, नव्यानं फेस केला आणि उरलेली दाढी केली. तुरटी फिरवली. हनुवटीखाली दोन बोटं लावून चेहरा उजेडाकडे वळवून बघितला, नीट झाली का.

चहा आला, सगळ्यांना एकाच ट्रेमध्ये, एकसारख्या कपात. पाळकसाहेब कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिले. चहा गार झाल्यावर प्यायले.

परतताना आम्ही बसनं आलो. गाडीला ते नको म्हणाले. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "कसं वाटलं?"

"खरजा लई झाल्तात."

अंबड जवळ आल्यावर ते आपणच बोलायला लागले. "ह्याचा बाप माझ्या आज्जाला शिव्या द्यायचा. डोकं वाढवून समोर येतो म्हणून. न्हावी कापून देईना आणि वाढले तर शिव्या. मला वाटल्तं ह्याच्या गळ्यावर वस्तरा धरला की आतून कसंतरी व्हईल. बरं वाटंल, न्हाईतर राग येईल. काहीच झालं न्हाई, बाई. निस्ता एक म्हातारा माणूस होता."

यात त्यांना समाधान दिसत नव्हतं. काहीतरी हरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी ते एकटेच त्या गावी जायचे. म्हाताऱ्यानं हात उगारला नाही, आणि एक शब्दही बोलला नाही, असं त्यांनी सांगितलं. पावसाळ्याच्या शेवटी एकदा पिशवी घेऊन गेले तर अंगणात मांडव होता आणि दारातल्या सगळ्या पुरुषांची डोकी चकोट केलेली होती. त्यावरून ते समजले. म्हातारा जाऊन दहा दिवस झाले होते. कोणाला कळवायचं राहिलं असेल. मोठ्या घरात मरण झालं की खूप कळवायचं असतं. त्यांना पाणी दिलं, बसा म्हणाले. ते थोडं बसून परत आले. त्या शनिवारी त्यांनी ओट्यावर कोणाचेही केस कापले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात कमिटीचं पत्र आलं. त्यांचं वय होऊन गेलं होतं, ते खरंच होतं. इथून पुढं महिन्यातून एकदा जालन्याहून पाळक येऊन उपासना घेतील, घर रिकामं करावं. गुरुजींनी डोळ्यांत पाणी आणून निरोपाचं भाषण केलं. सिस्टरबाईंनी शिरा केला होता. पुण्याहून मुलगा गाडी घेऊन आला आणि ते सामान घेऊन गेले. सामान फार नव्हतं. त्याच सुमारास माझीही बदली जालन्याला झाली.

ते वारले त्याला आता दोन वर्षं होतील. पुण्यातल्या मोठ्या दफनभूमीत मी गेले होते. तिथल्या पाळकांनी त्यांना प्रभूचा विश्वासू सेवक म्हटलं. त्या पाळकांनी त्यांना एखाद-दुसऱ्या वेळेसच बघितलं असावं. माती देऊन झाल्यावर मुलगा माझ्याजवळ आला आणि थोडा घुटमळून म्हणाला, "ताई, बाबा तिकडं रविवारी नेमकं काय करायचे? आम्ही लहान होतो तेव्हा शाळेतली पोरं त्यावरून चिडवायची. लाज वाटायची. मी कधी गेलोच नाही बघायला." मी त्याला सांगायला लागले, पण त्याला लोक भेटायला आले आणि बोलणं राहिलं.

मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीच्या जानेवारीतलं.

पुण्याला गेल्यावर ते मला दर पंधरा दिवसांनी फोन करायचे. दहाव्या मजल्यावर राहतो म्हणायचे. खाली बघितलं की डोकी दिसतात, पण सगळी कापलेली. मुलगा, सून कामावर. बोलायला वॉचमन होता, त्याचे केस कापतो म्हटलं तर तो घाबरला. हे ते हसत सांगायचे. त्या जानेवारीत फोनवर त्यांनी विचारलं, "अंकुशनगरला कोन जातं आता?"

मी पहिल्या हंगामात दोनदा गेले होते, एकटी. मग जालना लांब पडतं, रविवारी कपडे धुवायचे असतात, आणि खरं म्हणजे एकटीनं जायला नको वाटायचं. मी गेलेच नव्हते. पण मी म्हटलं, "जाते ना मी."

"बायकांचं करता?"

"हो."

"औंदा कोप्या कुठं पडल्यात? कालव्याच्या अलीकडं का पलीकडं?"

"अलीकडं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग थंडी कशी आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

आठवडाभर ते 'बरं' माझ्या डोक्यात राहिलं. कोर्टात फायलींवर शिक्के मारताना, जेवताना. रविवारी सकाळी मी फणी आणि तेल घेतलं आणि बस धरली. कोप्या कालव्याच्या पलीकडं होत्या. अलीकडं हरभरा उभा होता.

मुकादम तोच होता. मला बघून म्हणाला, "या ताई. पाळकसाहेबाचा फोन आल्ता मागच्या रविवारी. विचारत होते, बाई येतात का. मी न्हाई म्हन्लो."

मी तिथंच बांधावर बसून त्यांना फोन लावला.

"मी खोटं बोलले होते," मी म्हटलं. "मी येत नव्हते. कोप्या पलीकडं आहेत."

"हां. मुकादम बोल्ला."

"तुम्ही मला काहीच म्हटलं नाहीत."

"काय म्हनायचं?" ते म्हणाले. "आता कुठंय तुम्ही?"

"इथंच. कोप्यांपाशी."

"मंग विंचरा की."

मी फोन ठेवणार तेवढ्यात ते घाईनं म्हणाले, "बाई, बंद नका करू. निस्ता बाजूला ठेवा. मी ऐकतो."

मी फोन पाचटावर ठेवला. एक बाई येऊन बसली, तिच्यानंतर तिची पोरगी, मग शेजारच्या कोपीतल्या दोघी. कोणीतरी कोयत्याला धार लावत होतं. बैलांना उसाच्या शेंड्यांचं वाडं टाकत होते. बायका माझ्याशी बोलत होत्या, सासरचं, गावाकडच्या म्हाताऱ्यांचं, आणि मी उत्तरं देत होते. दोन तास कसे गेले कळलं नाही. हात पुसून मी फोन उचलला. तो अजून चालू होता.

"पाळकसाहेब?"

"हं."

"अजून आहात?"

"हाय ना." त्यांचा आवाज अगदी जवळून यावा तसा आला. "एक जण मघापासून सारखी खोकून राह्यलीय. कडेला असंल कुठंतरी. कोन हाय ती, बघा जरा."

मी वळून बघितलं. शेवटच्या कोपीच्या तोंडाशी एक बाई पदर तोंडाला लावून एकटीच बसली होती. मी दोन तास तिथं होते आणि मला ती दिसली नव्हती.

मी फोन तसाच चालू ठेवून तिच्याकडे गेले.